पणजीचं सदन

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. (दादा म्हणजे माझा मामेभाऊ, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.) तो सध्या आजोळच्या घराण्याची वंशावळ करतोय, कॉम्प्युटरवर, रंगीत चौकटी वगैरे काढून. नाताळात सगळे जमतील तेव्हा प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत पडणार आहे. पणजीच्या चौकटीत काय लिहायचं एवढंच अडलं होतं.

पणजी म्हणजे माझ्या आईच्या आईची आई. तिच्याबद्दल घरात एकच वाक्य चालत आलंय, "ती छप्पनियातली, केडगावला आली." छप्पनिया म्हणजे विक्रम संवत १९५६ चा गुजरातेतला दुष्काळ, इंग्रजी १८९९-१९००. पंडिता रमाबाईंच्या माणसांनी तेव्हा गुजरातेतून शेकडो मुली-बायकांना केडगावला आणलं, त्यांतली ती एक. आजी सांगायची की पणजीचं मराठी अगदी आपल्यासारखं होतं, पण तांदूळ मापताना आकडे मात्र गुजरातीत मोजायची. तिचं गुजरातेतलं नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

तिची म्हणावी अशी एकच वस्तू माझ्याकडे आहे. केडगावच्या छापखान्यात छापलेली शुभवर्तमानाची एक जुनी प्रत. पुठ्ठा गेलाय, पानं हात लावला की तुटतात. पहिल्या पानावर विटलेल्या शाईत तिचं नाव आणि खाली 'कृपासदन, केडगाव'.

दादा म्हणाला, "शारदासदन लिहू या का? ते निदान शाळेच्या पुस्तकात असतं. कृपासदन लिहिलं तर कोणीतरी शोधत बसेल."

मी म्हटलं, "पण पुस्तकावर तर कृपासदन आहे."

"अगं, ती तिथे शिकवायला असेल. नाहीतर बघायला."

मावशीचंही तेच मत पडलं. थोरल्या मुली तिथे कामाला जायच्याच, म्हणाली. असेलही. पण तेव्हापासून मी वाचत सुटले, आणि जे वाचलं ते इथे लिहून ठेवतेय. थोडं लांबेल.

ज्यांनी शोधलं नाही त्यांच्यासाठी : कृपासदन हा मुक्तिमिशनचा एक वेगळा भाग होता. त्या काळी ज्यांना 'पतित स्त्रिया' म्हणत त्यांच्यासाठी. फसवलेल्या, विकलेल्या, वापरून टाकलेल्या, आणि अशाही काही ज्यांना त्या आयुष्याची सवय जडली होती आणि ती सुटत नव्हती. शेवटच्या प्रकाराबद्दल आपण फारसं बोलत नाही. बिचारी असेल तर आपल्याला कळवळा येतो. पुन्हा पुन्हा त्याच वाटेला जाणारी असेल तर आपला कळवळा लवकर संपतो.

रमाबाईंच्या डोक्यात हे घर कुठून आलं त्याची गोष्ट १८८३ मधली आहे. तेव्हा त्या पंचविशीच्या, विधवा, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. आई, वडील, थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेलेले, पुढे भाऊही गेलेला. संस्कृतच्या जोरावर कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या. पुण्यात आर्य महिला समाज काढून झालेला. वैद्यक शिकायचं म्हणून त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज नावाच्या गावी सिस्टर्सच्या मठात उतरल्या. या सिस्टर्सची शाखा १८७७ पासून पुण्यात होती, ओळख तिथलीच. वाँटेजच्या सिस्टर्सचं एक जुनं काम होतं, १८५० पासूनचं : रस्त्यावरच्या बायकांसाठी घर चालवणं. तसंच त्यांचं एक घर लंडनजवळ फुलहॅमला होतं, ते बघायला त्यांनी रमाबाईंना पाठवलं.

तिथे काय दिसलं ते रमाबाईंनी १९०७ मध्ये आपल्या साक्षीच्या छोट्या पुस्तकात लिहिलंय. त्यांना नवल वाटलं ते पडलेल्या बाईला आसरा मिळतो याचं तर होतंच. पण त्याहून मोठं नवल म्हणजे, पूर्वी त्या आयुष्यात असलेल्या काही बायका आता तिथेच आजारी आणि दुबळ्या माणसांची सेवा करत होत्या. म्हणजे जिला कालपर्यंत कोणी घरात घेतलं नसतं तिच्या हातचं पाणी आज आजारी माणूस पीत होता. रमाबाईंनी आपल्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. शास्त्रं त्यांना पाठ होती. व्यभिचारिणीला राजाने चारचौघांत कुत्र्यांकडून फाडवावं असं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे, आणि ते त्यांना शोधावं लागत नव्हतं.

त्यांनी शिकवणाऱ्या सिस्टरला विचारलं की ख्रिस्ती लोक हे का करतात? सिस्टरने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. बाकी कारणं अनेक होती, आणि पुढे याच सिस्टर्सशी त्यांचे धर्ममतांवरून कडाक्याचे वादही झाले (ती पत्रं छापलेली आहेत, जरूर वाचा, बाईंनी कुणाचंही मुकाट्याने ऐकलेलं नाही). पण स्वतः त्यांनी महत्त्व दिलं ते फुलहॅमला आणि त्या विहिरीला.

ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत इतक्यांदा ऐकली होती की ती मला ऐकूच येईनाशी झाली होती. दुपारची वेळ, याकोबाची विहीर, एक परजातीची बाई एकटीच पाण्याला आलेली. पाच नवरे झालेले, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नव्हे. तिचा 'धंदा' काय होता याबद्दल शुभवर्तमानात अक्षर नाही, ते सगळं उपदेशकांनी मागाहून चिकटवलेलं. माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं ते हे की त्या गोष्टीत पाणी आधी येशू मागतो. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्यातलं पीत नसे, आणि हा तिच्याकडे मागतो. तिला द्यायचं ते मागाहून. आधी तिच्याकडून घ्यायचं.

पुणेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. याच वाँटेजच्या सिस्टर्सचं पुण्यातलं ठिकाण म्हणजे पंचहौद मिशन. १८९० मध्ये तिथे जमलेल्या मंडळींनी चहा घेतला आणि त्या चहापायी टिळक, रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. कुणाच्या हातचं प्यायलात, हा प्रश्न आपल्याकडे नेहमीच काय प्यायलात यापेक्षा मोठा.

असो. इंग्लंडमधल्या ज्या हवेत हे काम वाढलं ती हवा थोडी सांगायला हवी, कारण सगळंच काही फुलहॅमसारखं नव्हतं.

जोसेफीन बटलर ही लिव्हरपूलमधली एका पाद्री-शिक्षकाची बायको. १८६४ मध्ये तिची लहान मुलगी घरात जिन्यावरून पडून गेली. त्या दुःखातून बाहेर पडायला ती आपल्याहून दुःखी माणसं शोधत वर्कहाउसमध्ये गेली. तळघरात बायका जुने डांबरट दोर उकलत बसलेल्या असत. ही बाईसाहेब त्यांच्याबरोबर जमिनीवर बसली आणि दोर उकलायला लागली. बायका तिला हसल्या, कारण तिला ते जमेना. मग बोलणं सुरू झालं. पुढे त्यांतल्या काहींना, मरायला टेकलेल्यांना, तिने स्वतःच्या घरात आणून ठेवलं.

हीच बटलर पुढे सरकारशी लढली. इंग्लंडात १८६४ पासून आणि हिंदुस्थानात १८६८ च्या कायद्याने, सैनिकांना रोग होऊ नये म्हणून छावणीजवळच्या बायकांची सक्तीने तपासणी व्हायची, आणि रोगी ठरली तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडायचे. सैनिकाची तपासणी नाही. इंग्लंडातला कायदा १८८६ मध्ये आणि इथला १८८८ मध्ये रद्द झाला, पण १८८६ मध्येच आपल्या इथल्या लष्कराच्या कचेरीतून एक परिपत्रक निघालं होतं की रेजिमेंटच्या बाजारात बायका पुरेशा असाव्यात आणि दिसायला बऱ्या असाव्यात. कायदा गेला तरी व्यवहार चालूच होता. एलिझाबेथ अँड्रू आणि केट बुशनेल या दोन अमेरिकन ख्रिस्ती बायकांनी १८९१-९२ मध्ये छावण्या हिंडून, त्या बायकांशी बोलून हे उघड केलं. तेव्हा आधी कानावर हात ठेवणाऱ्या लॉर्ड रॉबर्ट्सना माफी मागावी लागली.

आणि मग ग्लॅडस्टन. चार वेळा इंग्लंडचा पंतप्रधान झालेला हा माणूस रात्री लंडनच्या रस्त्यांवर फिरून वेश्यांशी बोलायचा, त्यांना घरी न्यायचा, बायकोची ओळख करून द्यायचा, आश्रमात जा म्हणून विनवायचा. लोक कुजबुजायचे, एकाने तर पैसे उकळायचाही प्रयत्न केला. या माणसाच्या रोजनिश्या १९६८ पासून छापल्या जाऊ लागल्या आणि त्यातून एक वेगळाच ग्लॅडस्टन बाहेर आला. तरुणपणापासून त्याला अश्लील वाचनाची ओढ होती आणि ती सुटत नव्हती. १८४५ मध्ये त्याने एखाद्या हिशेबनिसासारखं टिपण केलंय : मोह कुठून येतो, कशाने वाढतो, उपाय काय. पुढे तो स्वतःला चाबकाने मारून घ्यायचा आणि रोजनिशीत त्या दिवशी चाबकाची एक छोटी खूण काढायचा. काही खुणा त्या बायकांना भेटून आलेल्या रात्रींच्या आहेत. म्हणजे तो त्यांना वाचवायला जात होता की त्यांच्याकडे ओढला जात होता? दोन्ही. हे त्यालाही कळत होतं. १८५४ च्या सुरुवातीला त्याने लिहून ठेवलंय की ऐंशी-नव्वद बायकांशी बोललो, त्यातली एकच माझ्यामुळे त्या आयुष्यातून सुटली असं म्हणता येईल.

हे वाचून हसणारे पुष्कळ आहेत. मला हसू आलं नाही. उपदेशकाच्या जागी उभं राहून हा माणूस आतून रोग्याच्या जागी होता, आणि ते सांगायला त्याच्याकडे रोजनिशीखेरीज कोणी नव्हतं. ज्या आश्रमांना तो बायका पाठवायचा तिथे त्या बायकांनी आपलं पाप रोज कबूल करायचं होतं. त्याने स्वतःचं कुणासमोर करायचं?

दुसऱ्या टोकाला मॅग्डलेन लाँड्र्या. आयर्लंडमधल्या या धुलाईघरांबद्दल आता बरंच बाहेर आलंय. (मग्दालीया मरिया वेश्या होती असंही शुभवर्तमान कुठे म्हणत नाही. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरीने एका प्रवचनात तीन वेगवेगळ्या बायका एक करून टाकल्या आणि ते नाव त्या बिचारीला कायमचं चिकटलं.) सुरुवात तिथेही दयेनेच झाली होती. पण बाई आत आली की तिला नवं नाव मिळायचं, पगाराशिवाय कपडे धुवायचे, आणि बाहेरचं दार आतून उघडायचं नाही. काही जणी तर नुसत्या 'वळण बिघडेल' म्हणून घरच्यांनी आणून टाकलेल्या. शेवटचं धुलाईघर १९९६ मध्ये बंद झालं. त्याआधी १९९३ मध्ये डब्लिनमध्ये मठाची जमीन विकताना तिथल्या पुरलेल्या बायका उकरून हलवल्या, त्या १५५ निघाल्या, आणि सगळ्यांची नावं कागदावर सापडली नाहीत. २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत माफी मागितली.

मी हे वाचत होते तेव्हा पणजीचं गुजराती नाव पुन्हा पुन्हा मनात येत होतं. म्हणजे, येत नव्हतं.

फुलहॅम आणि डब्लिन, शुभवर्तमान एकच, गोष्ट एकच. तरी एका ठिकाणी बाई उठून दुसऱ्याची सेवा करू लागते आणि दुसऱ्या ठिकाणी तीस-चाळीस वर्षं धूत राहून तिथेच पुरली जाते. मला वाटतं फरक एवढाच की 'वाचवणारी' आणि 'वाचवलेली' यांच्यामधली रेघ ओलांडता येत होती की नाही. ज्या कामांत ती पक्की राहिली ती हळूहळू तुरुंग झाली. चर्चमध्ये ही रेघ नेहमीच ओलांडू दिली गेली असं मुळीच नाही. इंग्लंडातल्या क्लूअरच्या आश्रमात सुधारलेल्या बायकांना मठात राहता यायचं, पण त्यांची वेगळी पंगत. त्यांना सिस्टर होता यायचं नाही.

आता केडगाव. शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं, आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतल्यावर पुण्यात रमाबाईंना मित्र थोडेच उरले. मग १८९६-९७ चा मध्य प्रांतातला दुष्काळ आला. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली ही बाई तिकडे गेली आणि तिने दुष्काळी छावण्या पाहिल्या. जिथे अन्न वाटलं जात होतं तिथेच बायकांचा बाजार होता. मुकादम, दलाल, कुंटिणी, सगळे हजर. घासभर अन्नासाठी काय द्यावं लागतं ते रमाबाईंनी आडपडदा न ठेवता छापलं. त्याच १८९७ च्या मे महिन्यात पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय गत होते यावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिलं. सरकारने ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. प्लेगमुळे पुण्यात इतक्या मुली ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून केडगावच्या शेतावर राहुट्या ठोकल्या. तिथे मुक्ती उभं राहिलं.

त्या मुलींबरोबर जे आलं त्यातून कृपासदन निघालं. काहींच्या अंगावर गुप्तरोग होते. काही शिव्यांशिवाय बोलत नसत, काही पळून जात. रमाबाईंनी त्यांच्यासाठी वेगळं घर बांधलं. इथे मी अडखळले. वेगळं घर म्हणजे पुन्हा रेघच ना? रोग हे एक कारण होतं, लहान मुलींना जपणं हे दुसरं, आणि त्या काळची शुद्ध-अशुद्धाची भीती हे तिसरं नसेलच असं मी म्हणणार नाही. पण तिथे आणखी एक रीत होती. मुक्तीत मोठ्या मुलीकडे एकेक धाकटी सोपवायची, हातपाय धुण्यापासून अक्षरं गिरवण्यापर्यंत. काल आलेली आज कुणाची तरी ताई. शेतात, मागावर, छापखान्यात कामं वाटलेली. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर याच बायकांच्या हातांनी जुळवलं, छापलं, बांधलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तोवर भाषांतर पुरं झालं होतं. ज्यांच्या हाताला स्पर्श नको होता त्यांच्या हातून पवित्र शास्त्र बाहेर पडत होतं, आणि याचा कुठे गाजावाजा नाही.

म्हणूनच मावशीचं 'ती तिथे बघायला असेल' हे म्हणणं मला पटतही नाही आणि खोटंही वाटत नाही. त्या घरात बघणारी आणि बघितली जाणारी या नेहमीच दोन बायका नव्हत्या. एकीची दुसरी व्हायला दोन-चार वर्षं लागत असतील.

याचा पुढचा धागा मला अनपेक्षित ठिकाणी सापडला. १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी दोन दारुडे भेटले, एक शेअरबाजारातला, एक डॉक्टर. दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या संगतीत आलेले. दारूड्याचं दारूड्यालाच कळतं, आणि दुसऱ्याला मदत केली तरच आपण टिकतो, एवढ्यावर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. १९७६ मध्ये बॉस्टनला तीच पद्धत घेऊन लैंगिक व्यसनात अडकलेल्यांचा गट निघाला. ग्लॅडस्टनला हवी होती ती खोली हीच असं मला वाटतं. खुर्च्या गोल मांडलेल्या, कोणी व्यासपीठावर नाही, आणि पहिलं वाक्य स्वतःबद्दलचं. मुंबईत १९८१ मध्ये वांद्र्याला फादर जो परेरा यांनी व्यसनी माणसांसाठी जी संस्था काढली तिचंही नाव, योगायोगाने, कृपा.

आमच्या घरातही एकजण अशा खोलीत जातो. कोण ते सांगणार नाही, दारूसाठी की कशासाठी तेही नाही. त्याने परवानगी दिली म्हणून एवढं लिहितेय. त्याच्याबद्दलही घरात एकच वाक्य चालतं, "त्याचा स्वभाव जरा वेगळा." मागच्या ईस्टरला तो मला म्हणाला की आता त्याला नव्या माणसाला बरोबर घेऊन जायचं काम दिलंय, रात्री-बेरात्री फोन आला तर उचलायचा. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. घरच्या प्रार्थनेत आपण त्याचं नाव नेहमी 'दुर्बळांसाठी'च्या यादीत घेतो. त्याला एकदा प्रार्थना करायला सांगावी असं आपल्यापैकी कोणालाच, मलासुद्धा, सुचलेलं नाही.

काल दादाला पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. म्हटलं, पानावर आहे तेच चौकटीत लिही, शिकवायला वगैरे काही जोडू नकोस. त्याचं अजून उत्तर नाही. मावशीचा मात्र सकाळीच फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "आई सांगायची, तिची आई रात्री दार वाजलं की स्वतः उठायची, आम्हाला उठू द्यायची नाही. कोण यायचं कुणास ठाऊक. बायकाच असायच्या." एवढं बोलून कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून दिला.

ता.क. पणजीचा फोटो कोणाकडे असेल तर कृपया कळवा. जळगावच्या मंडळींकडे एक होता असं आई म्हणायची, लुगड्यातला, उभा. आणि तांदूळ मोजतानाचे तिचे आकडे कोणाला आठवत असतील तर तेही.